दिवाणखान्यातलं प्रवाळ

१८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळं लंडनच्या घरी नेली. समुद्र लांब, रोज ताजं पाणी आणणं अशक्य. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून बाईंनी मोलकरणीला कामाला लावलं. उघड्या खिडकीशी उभं राहून एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, रोज अर्धा-पाऊण तास. प्रवाळं जगली. पुढे बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती ठेवल्या आणि काम हलकं झालं. प्रवाळटाकीच्या इतिहासात नाव येतं ते बाईंचं. माझ्या लेखी या छंदातला पहिला पंप ती मोलकरीण.

गेली पावणेदोनशे वर्षं हाच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनी सोडवला जातोय. अथांग, न बदलणाऱ्या पाण्यात वाढलेला जीव काही शे लिटर पाण्यात कसा जगवायचा? त्यावर आता बरंचसं एकमत आहे आणि उरलेले वाद बहुतेक पैशांचे नि हौसेचे आहेत. आपल्याकडे समुद्री टाकी म्हटलं की मरीन ड्राइव्हवरचं १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय आठवतं. घरात तसं काही करायचं ठरवलं की मात्र हाती येणारी बहुतेक माहिती अमेरिका-जर्मनीतली असते. तिथलं हवामान, तिथली वीज आणि तिथला कायदा गृहीत धरून लिहिलेली. त्यातलं इथे काय लागू पडतं आणि काय सोडून द्यावं, हे पाहणं हा या लेखाचा हेतू.

थिनबाईंची प्रवाळं थंड पाण्यातली, प्रकाशाची गरज नसलेली होती. त्यांच्या मागोमाग निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस आला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये गॉसचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि इंग्लंडात घरोघरी समुद्री टाक्यांचं वेड पसरलं. चार क्षार मिसळून समुद्राचं पाणी तयार करण्याची कृतीही त्याने दिली. वेडाची किंमत किनाऱ्याने मोजली. हौशी लोकांनी खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात त्या उजाड किनाऱ्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. म्हणजे हा छंद समुद्राला काय देणं लागतो, हा प्रश्न अलीकडच्या पर्यावरणवाद्यांनी काढलेला नाही. तो छंदाइतकाच जुना आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर उष्ण समुद्रातले रंगीत मासे टाक्यांत आले, पण प्रवाळ आलं ते मेलेलं. वाळूखाली जाळी बसवून तिच्यातून पाणी खेचायचं, शोभेला प्रवाळांचे पांढरे सांगाडे मांडायचे, त्यांवर शेवाळ चढलं की ब्लीचमध्ये धुऊन पुन्हा ठेवायचे, अशी तेव्हाची रीत. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी नेमकं उलट केलं. समुद्रातून आणलेले दगड, अंगावरच्या स्पंज, शैवाल, कृमींसकट, न धुता टाकीत ठेवले. हवेचे बुडबुडे सोडले आणि ऊन येऊ दिलं. १९६१ मध्ये त्यांनी हे एका अमेरिकी मासिकात मांडलं. त्यांच्या टाकीत प्रवाळं जगत होती. थंड देशांतल्या लोकांना ते जसंच्या तसं जमणं अवघड होतं, कारण एंग यांना समुद्र हाताशी होता आणि ऊन फुकट. पण दगड जिवंत ठेवायचा, ही कल्पना त्यांनी दिली आणि आजची प्रत्येक प्रवाळटाकी तिच्यावर उभी आहे.

पुढचं पाऊल जर्मन भाषिकांनी टाकलं. पीटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात प्रवाळांना कॅल्शियम पुरवण्यासाठी टाकीत चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायला सुरुवात केली. बर्लिनमध्ये डीट्रिश स्ट्युबर आणि त्यांच्या सोबत्यांनी तीन गोष्टींवर भर दिला: जिवंत दगड, ताकदीचा स्किमर आणि प्रखर दिवे. स्किमर म्हणजे बारीक बुडबुड्यांना चिकटलेली घाण फेसाच्या रूपाने पाण्याबाहेर काढणारी नळी. घाण सडून विष होण्याआधीच ती बाहेर पडते. या मांडणीत स्ट्युबर यांच्याकडे अ‍ॅक्रोपोरा हे फांद्यांचं, अतिशय नाजूक समजलं जाणारं प्रवाळ नुसतं जगलं नाही, तर वाढलं. त्याचे तुकडे त्यांनी इतरांना दिले, त्यांनी पुढे आणखी कोणाला, असं करत ‘स्ट्युबरची अ‍ॅक्रोपोरा’ देशोदेशी गेली. आज ‘फ्रॅग’ म्हणून प्रवाळाचा बोटाएवढा तुकडा हजारो रुपयांना विकला जातो, तेव्हा ही देवघेव आठवते.

दुसरेही पंथ होते. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी पाणी शुद्ध करायचं काम शैवालाच्या गालिच्यावर सोपवलं. नीसच्या जाँ जोबेर यांनी जाड वाळूच्या थराखाली पाण्याची पोकळी ठेवून तिथल्या जिवाणूंकडून नायट्रेट काढून घेतलं. मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी अमेरिकेत ‘मिनी रीफ’ची लाट आणली. त्यात प्लास्टिकच्या चेंडूंवरून पाणी झिरपवत ठेवायचं. अमोनिया झटपट जायचा, पण नायट्रेट साचत राहायचं. चेंडू आता अडगळीत गेले. एडी आणि जोबेर यांच्या कल्पना अंशरूपाने टिकल्या; मुख्य टाकीखालच्या जोडटाकीत, म्हणजे सम्पमध्ये, शैवाल वाढवण्याची आजची पद्धत एडींच्या वळणाचीच. एकूण हिशोबात बर्लिनवाले जिंकले, असं म्हणायला हरकत नाही.

दगडाला एवढं महत्त्व का? माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगड सच्छिद्र असेल तर आत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, दुसरे जिवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. गोड्या पाण्याची टाकी सांभाळलेल्या माणसाला अमोनियाचं चक्र माहीत असतं, पण समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२च्या आसपास असल्यामुळे तेवढाच अमोनिया इथे जास्त विषारी ठरतो, हे लक्षात येत नाही.

हे चक्र बसायला, म्हणजे टाकी ‘सायकल’ व्हायला, साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू घातले तर वेळ कमी होतो, आणि त्यांतली काही उत्पादनं खरोखर काम करतात. मात्र अमोनिया शून्यावर आला म्हणजे टाकी तयार झाली, असं नाही. आधी काचेवर तपकिरी डायटम येतात, मग हिरवे केस, मग लालसर चिकट थर. समुद्रातून आणलेल्या जिवंत दगडावर ही स्थिती लवकर सरायची, कारण त्याच्याबरोबर अख्खी वस्ती यायची. आता जगभर बरेच जण कृत्रिम किंवा कोरडे दगड वापरतात. समुद्र वाचतो, नको ते पाहुणेही येत नाहीत, पण वस्ती बसायला वर्षभर लागतं. या छंदातले बहुतेक मृत्यू त्या पहिल्या वर्षातल्या घाईने होतात. दुकानात जाऊन रिकाम्या हाताने परत येणं ज्याला जमतं, त्याने अर्धी लढाई जिंकली.

आता पाणी. मुंबईचा समुद्र समोर आहे म्हणून त्याचं पाणी भरावं, हा मोह टाळावा. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, सांडपाणी मिसळलेलं, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही घसरतो. स्वयंपाकाचं मीठही कामाचं नाही. समुद्रातल्या क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के भाग सोडियम क्लोराइडचा. उरलेल्या मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियममध्येच प्रवाळाचा जीव असतो. त्यामुळे तयार मिळणारं रीफ सॉल्ट घ्यायचं, लिटरला ३५ ग्रॅमपेक्षा थोडं जास्त, आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ वर आणायचं. ते ज्या पाण्यात विरघळवायचं ते पाणीही साधं चालत नाही. घरच्या आरओ यंत्राचं पाणी पिण्यासाठी बनवलेलं असतं, त्यात थोडे क्षार मुद्दाम सोडलेले असतात. टाकीसाठी आरओनंतर डीआय, म्हणजे उरलेले क्षार काढून घेणाऱ्या, रेझिनची नळी लावून टीडीएस शून्यावर आणावा लागतो. नाहीतर नळाच्या पाण्यातलं सिलिकेट, फॉस्फेट आणि कधी तांबंही टाकीत येतं, आणि तांब्याचा अंशही कोळंबी-गोगलगायींना पुरेसा असतो. रोज वाफेने जे पाणी उडतं, त्याच्या जागी मात्र खारं पाणी घालायचं नाही. मीठ उडत नाही, म्हणून भर फक्त गोड्या पाण्याची. ही साधी बाब चुकली की टाकीचं हळूहळू मिठागर होतं.

रसायनाच्या बाबतीत गेल्या तीस वर्षांत खरी प्रगती झाली. त्याचं बरंच श्रेय रँडी होम्स-फार्ली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला जातं. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या शरीरातलं जादा फॉस्फेट बांधून ठेवणाऱ्या सेव्हेलॅमर या औषधाच्या शोधकर्त्यांपैकी ते एक. घरच्या टाकीतल्या फॉस्फेटबद्दल त्यांनी तितक्याच आस्थेने लिहिलं. दगडी प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतं. त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि क्षारता ठरलेल्या प्रमाणात उचलतं: क्षारता २.८ डीकेएच (हे तिचं एकक) घटली की कॅल्शियम सुमारे २० पीपीएमने घटतं. टाकीत कॅल्शियम ४२० आणि क्षारता ८ असेल, तर एवढ्या वापरानंतर कॅल्शियम विसात एक भागही कमी होत नाही, क्षारता मात्र एक तृतीयांशाहून जास्त खाली येते. म्हणून जाणता माणूस आधी क्षारता मोजतो. ती ७ असो की ९, प्रवाळाला फारसं बिघडत नाही. आज ७, उद्या ९, परवा साडेसहा, हे त्याला मारतं.

भरपाईचे तीन रस्ते आहेत. पहिला चुन्याच्या निवळीचा. लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो, निवळीचा सामू १२च्या वर जातो, त्यामुळे ती रात्री, थेंबाथेंबाने सोडायची. पानाच्या डबीतला चुना नव्हे, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ती कॅल्शियम आणि क्षारता योग्य प्रमाणात देते आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही शोषते. दुसरा रस्ता जर्मनीच्या हान्स-वेर्नर बालिंग यांचा: कॅल्शियम क्लोराइड, सोडियम बायकार्बोनेट आणि सोडियम क्लोराइड नसलेलं मीठ अशी तीन द्रावणं डोसिंग पंपाने रोज मोजून घालायची. तिसरा कॅल्शियम रिअ‍ॅक्टरचा, ज्यात कार्बन डायऑक्साइडने प्रवाळाचा चुरा विरघळवतात. तो मोठ्या टाक्यांसाठी. खिडक्या बंद ठेवून एसी चालवणाऱ्या फ्लॅटमध्ये सामू घसरतो, कारण माणसांच्या श्वासाने खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. त्यावर बाटल्या विकत घेण्याआधी खिडकी उघडून पाहावी.

आता खराखुरा वाद. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट किती असावं? दोन दशकांपूर्वीचं उत्तर सरळ होतं: शक्य तितकं शून्य. त्यासाठी लोक टाकीत व्होडका घालू लागले. हा विनोद नाही. कार्बन मिळाला की जिवाणू भराभर वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट खातात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. व्हिनेगर आणि साखरही त्याच कामाला येतात. प्रवाळं फिकट, देखणी दिसायची. मग अनेकांच्या अतिस्वच्छ टाक्यांत डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव तपकिरी शेंबडासारखे पसरले, कारण भुकेलेल्या पाण्यात त्यांच्याशी स्पर्धा करायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. आता बहुतेकजण नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ ठेवा म्हणतात. मला हे उत्तर पटतं. खऱ्या प्रवाळभिंतीवर पाण्यात पोषण कमी असलं तरी खाद्य सतत वाहत येत असतं. घरच्या टाकीत ते वाहणं नसतं, म्हणून थोडं विरघळलेलं पोषण लागतं.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल प्रकाशसंश्लेषण करून यजमानाला त्याच्या अन्नाचा मोठा वाटा देतं, म्हणून दिवा हा खाद्याचा भाग. मेटल हलाइड दिव्यांची जागा एलईडीने घेतली, वीज वाचली, उष्णता घटली. दुकानात गडद निळा दिवा लावून प्रवाळं चमकवून दाखवतात. विकत घेण्याआधी पांढरा दिवा लावायला सांगावं. प्रवाह हवा, तोही एका दिशेचा धो-धो नव्हे, उलटसुलट. बाकी यंत्रांच्या याद्या कंपन्यांच्या जाहिरातीत मिळतील.

यंत्रांपेक्षा आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी निर्णायक ठरतात. पहिली उष्णता. पाणी २४ ते २७ अंशांत हवं. ते बराच काळ ३० अंशांच्या वर राहिलं तर प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. नागपूर-औरंगाबादच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत पंखा फारसं काही करत नाही, तिथे चिलर घ्यावाच लागतो, आणि तो काचेच्या टाकीपेक्षा बराच महाग पडतो. दुसरी वीज. ती गेल्यावर पहिलं संकट उष्णतेचं नसतं, प्राणवायूचं असतं, कारण त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा कमी प्राणवायू मावतो. बॅटरीवरचा साधा एअर पंप पहिल्या दिवसापासून घरात हवा. २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या काही भागांत वीज यायला कित्येक दिवस लागले; तशा ठिकाणी इन्व्हर्टरचाही भरवसा नाही. तिसरी, जिचा विचार कोणी करत नाही, ती स्लॅबची. १२० सेंटिमीटर लांब आणि ६० बाय ६० ची टाकी ४३० लिटरची होते. काच, दगड, वाळू, स्टँड धरून वजन सहाशे किलोच्या घरात. राहत्या इमारतीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने बांधतात. जुन्या इमारतीत टाकी तुळईजवळ, भिंतीलगत ठेवावी आणि अभियंत्याला विचारावं. वीज गेल्यावर वरच्या टाकीतलं पाणी खालच्या सम्पमध्ये उतरतं. सम्पमध्ये तेवढी जागा नसली तर खालच्या मजल्यावरचे लोक भेटायला येतात.

मासे सगळ्यात शेवटी. ओसेलॅरिस क्लाऊनफिशची जोडी हा नवख्यासाठी उत्तम मासा, कारण तो टाकीत अंडी घालतो आणि पैदाशीचा मिळतो. अमेरिकेत मार्टिन मो यांनी १९७०च्या दशकातच क्लाऊनफिशची व्यावसायिक पैदास उभी केली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र बसवलं आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाऊनफिशची पैदास होते. चित्रपटातली डोरी, म्हणजे निळा रीगल टँग, मात्र फूटभर वाढतो. तीन फुटी टाकीत तो कोंडू नये. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याची बंदिस्त पैदास जमवली, तरी विक्रीतले बहुतेक टँग समुद्रातूनच पकडलेले. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे बधिर करून पकडण्याची वाईट रीत पडली. असा मासा दुकानात टवटवीत दिसतो आणि घरी आल्यावर काही दिवसांत मरतो. मँडरिन मासा देखणा आहे, पण जिवंत सूक्ष्म कोपेपॉडवर जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. तो घेऊ नये, एवढंच.

नवा मासा आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवावा. क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे पांढरे ठिपके मुख्य टाकीत शिरले तर तांब्याचं औषध घालता येत नाही, ते प्रवाळ आणि गोगलगायींना मारतं. मग सगळे मासे बाहेर काढून उपचार करायचे आणि मुख्य टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची, म्हणजे यजमान न मिळाल्याने परजीवी संपतो. आणखी एक धोका दुकानदार क्वचितच सांगतात. झोअँथिड आणि पॅलिथोआ या बटणासारख्या प्रवाळांत पॅलिटॉक्सिन असू शकतं; निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. हवाईतल्या पॅलिथोआतून ते १९७१ मध्ये वेगळं करण्यात आलं. नको झालेले झोअँथिड मारण्यासाठी दगड उकळत्या पाण्यात टाकल्याने वाफेतून विषबाधा होऊन घरंच्या घरं रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या आहेत. दगड कधीही उकळू नये. झोअँथिड कापताना हातमोजे आणि चष्मा घालावा.

आता कायदा, ज्याबद्दल आपल्याकडे सर्वात कमी बोललं जातं. २००१ मध्ये केंद्र सरकारने सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसवले. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्याच वेळी आल्या. हा कायदा कागदावरच आहे असं समजू नये. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळच्या १८ प्रवाळवसाहती परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली हलवाव्या लागल्या. याच कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारकरारातल्या परदेशी प्रजातींसाठी वेगळी अनुसूची आणली आणि २०२४च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. तरीही बाजारात हॅमर, टॉर्च, अ‍ॅक्रोपोरा विकायला दिसतात. ही सगळी दगडी प्रवाळं. दुकानात मिळतं म्हणजे कायदेशीर आहे, असं होत नाही. प्रवाळभिंतीतून तोडलेला ‘जिवंत दगड’ही त्याच संरक्षणाखाली येतो.

याचा अर्थ असा की जगभर ज्या शिखराकडे हा छंद चढतो, ती रंगीबेरंगी अ‍ॅक्रोपोराची टाकी, ती इथल्या घरासाठी नाही. अमेरिकेत किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकाने कागदपत्रांसकट टाकीत वाढवलेले फ्रॅग घेऊन ती जरूर करावी. महाराष्ट्रातल्या वाचकाने कृत्रिम दगड, पैदाशीचे मासे, गोगलगायी, आणि प्रवाळ हवंच असेल तर मश्रूम किंवा लेदरसारखी, २००१च्या यादीत नाव नसलेली मऊ प्रवाळं, तीही पावती आणि आयातीची कागदपत्रं पाहून, एवढ्यावर थांबावं. तो काही दुय्यम पर्याय नाही. मऊ प्रवाळांना प्रखर दिवे लागत नाहीत, ती दगडी सांगाडा बांधत नसल्याने कॅल्शियम-क्षारतेचं वरचं सगळं गणित सौम्य होतं आणि पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलून काम भागतं. आपल्या उन्हाळ्याला आणि बहुतेकांच्या खिशाला हेच झेपतं.

छंदातून समुद्राला काही परत मिळतं का? थोडंफार मिळतं. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांनी ऋतूंचं तापमान, सूर्योदय-सूर्यास्त आणि चंद्राच्या कला संगणकाने टाकीत हुबेहूब आणून प्रवाळांना ठरल्या वेळी अंडी घालायला लावलं. त्यांच्याशी हातमिळवणी करून फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने २०१९ मध्ये तिथल्या नष्ट होत चाललेल्या स्तंभप्रवाळाची पैदास केली. या प्रयोगांतले दिवे, पंप, नियंत्रक हौशी लोकांच्या बाजारासाठीच घडत गेलेले. पण दिवाणखान्यातली टाकी समुद्र वाचवते, हा दावा मी मानत नाही. ती फार तर समुद्राचं नुकसान करत नाही, आणि तेही मासा कुठून आला हे मालकाने विचारलं तरच.

नुकसान उलट दिशेनेही होतं. १९८४ मध्ये मोनॅकोच्या त्याच समुद्रविज्ञान संग्रहालयाच्या खाली समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयी शैवालाचा छोटासा पट्टा सापडला; पुढे ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरलं. अटलांटिकमधल्या लायनफिशच्या उच्छादामागेही टाक्यांतून सोडलेले मासेच असल्याचं मानलं जातं. आपल्याकडे बदली झाली, कंटाळा आला की मासे खाडीत सोडून देणं पुण्याचं समजलं जातं. तसं करू नका. टाकी मोडायची वेळ आली तर मासे-प्रवाळं दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, शैवाल उन्हात वाळवून कचऱ्यात टाका, पाणी ब्लीच मिसळून सांडपाण्याच्या नळीत सोडा, आणि खाडी, ओढा किंवा किनारा यांच्या वाटेला त्यातलं काहीही जाऊ देऊ नका.